लिंबाचं वय

कडूलिंबाच्या मोहराला वास असतो हे दिवसा कुणाच्या ध्यानातही येत नाही. ऊन तापलेलं असतं, डांबर तापलेलं असतं, ज्याच्या त्याच्या मागे काम लागलेलं असतं. दिवेलागण होते, भिंतींचा ताव हळूहळू उतरू लागतो आणि मग कधीतरी, आपण भलत्याच विचारात असताना, तो येतो. गोड म्हणावा तर मागून एक हलका कडवटपणा उतरतो. मंद म्हणावा तर अख्खी गल्ली त्यानं भरून गेलेली असते. ओंजळीत घेऊन हुंगायला जावं तर तांदळाच्या कणीएवढ्या त्या पांढुरक्या फुलांतून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. अंतर लागतं त्याला. थोडी उंची, थोडा वारा, आणि अंथरुणाला पाठ टेकून झोपेची वाट बघणारा कुणीतरी.

उमरग्यातलं आमचं घर जुनं, माळवदाचं. चैत्र तोंडावर आला की संध्याकाळी वर पाण्याचा सडा पडायचा, तापलेली पांढरी माती सुस्कारा टाकायची, आणि जेवणं आटोपली की ओळीनं वाकळा पसरायच्या. परसातला लिंब माळवदाच्याही वर दोन पुरुष गेलेला. त्याची एक फांदी बरोबर आमच्या उशांवर आलेली. वीज गेलेली असायची. ती बहुधा गेलेलीच असायची. लांबून सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर यायची, गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी कानडीत हसायचं, शेजारच्या अंगणात चाची दखनीत नातवाला दटावायच्या, आमच्या माळवदावर आजी मराठीत कुठल्याशा नात्याची गुंतवळ सोडवत बसलेली असायची, आणि या तिन्ही बोलींच्या वरून तो वास निवांत वाहत राहायचा. सकाळी उठावं तर वाकळेवर, केसांत, पाण्याच्या तांब्यात फुलंच फुलं. आजी ती झटकू द्यायची नाही. वेचून सुपात घ्यायची. पाडव्याला गूळ, चिंच, भिजवलेली डाळ घालून त्यांची चटणी व्हायची आणि ती खाल्ल्याशिवाय कुणाला गोडाच्या ताटावर बसता यायचं नाही.

लिंब आमच्याकडे नुसता परसात नव्हता. घरात बाळ जन्मलं की दाराला त्याचा डहाळा, बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यात त्याचा पाला. गोवर आला की अंथरुणाखाली तोच. आणि मसणवटीतून माणसं परत आली की दारातच त्याचं पान दाताखाली धरायचं, चूळ भरायची, मग आत यायचं. आजी गेली तेव्हा मीही ते पान चावलं. त्या कडूपणात तिच्या चटणीची आठवण निघाली. कुणाला सांगावं, असं ते नव्हतं.

मग एका संध्याकाळी अण्णाचा फोन आला. अण्णा माझा थोरला चुलतभाऊ. घर त्याच्या वाट्याला आलेलं. माळवद आता राहण्याजोगं उरलेलं नाही, खाली उतरवून स्लॅबचं घर बांधायचं, नकाशा तयार आहे आणि लिंब बरोबर जिन्यात येतो आहे. नगरपरिषदेत अर्ज द्यावा लागतो म्हणे, तू लिहिणारा माणूस, एवढं भरून दे. तो अगदी सहज बोलला. त्यात निर्दयपणा काहीच नव्हता. डोक्यावर गळकं छत असलेल्या माणसाला झाडाचं कौतुक किती सांगायचं?

मी अर्ज समोर घेतला. मालकाचं नाव, मिळकतीचा क्रमांक, झाडाची जात, घेर, तोडण्याचं कारण. सगळं भरत गेलो. एका रकान्यापाशी मात्र हात थांबला. झाडाचं वय.

कोण सांगणार? घराच्या जुन्या कागदांत, त्या निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांत, घर आहे, आड आहे, चारी बाजूंच्या हद्दी आहेत, लिंब नाही. आपल्याकडे माणसाच्या जन्माचीही नोंद नसायची तिथं झाडाची कोण ठेवणार? बरं, आपल्या हवेत वाढणाऱ्या पुष्कळ झाडांच्या खोडातल्या कड्यासुद्धा वर्षांचा भरवशाचा हिशेब देत नाहीत. छातीइतक्या उंचीवर टेप लावायचा, घेर मोजायचा आणि अंदाज बांधायचा. म्हणून मी घरातल्यांना विचारत सुटलो. आणि जो तो आपल्या आयुष्यातून उत्तर देऊ लागला.

आमचे आजोबा, तात्या, सांगत असत की लष्कर आलं तेव्हा लिंब त्यांच्या खांद्याला लागत होता. लष्कर म्हणजे पोलीस ॲक्शनचं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या फौजेनं नळदुर्ग घेतलं, ती उमरग्याला मुक्कामी आली आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेला राजेश्वरकडे निघाली. पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. तात्यांच्या आठवणीत त्या साऱ्या इतिहासातून एवढंच उरलेलं: रात्रभर गाड्यांचा आवाज, आईनं बाहेर पडू नको म्हणून धरलेला सदरा, आणि तो हिसकून परसात पळाल्यावर हाताशी आलेलं ते कोवळं खोड. आता तात्यांचा खांदा तेव्हा किती उंच होता, हे कुणाला ठाऊक? ते पोरसवदा होते. झाडाचं वय शोधायला जावं तर माणसाची उंची हरवलेली.

काकू म्हणाल्या, ‘‘छे वो, दुष्काळात लावलंय त्ये.’’ त्यांचा दुष्काळ म्हणजे १९७२ चा. खडी फोडायला गेल्याचा, सुकडी खाल्ल्याचा. त्या साली त्या या घरात सून म्हणून आल्या आणि लिंबाचा पाला शेळ्यांना ओरबाडून घालत होत्या, असंही त्यांनीच पुढच्या वाक्यात सांगितलं. म्हणजे तेव्हा झाड चांगलं पाल्याचं होतं. हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर त्या हसल्या. नव्या नवरीला घरातलं सगळं आपल्याबरोबरच सुरू झालंसं वाटतं, त्याला काय करणार.

अण्णाचा हिशेब वेगळा होता. ‘‘भूकंपानंतरचं लिही,’’ तो म्हणाला. आणि इथं मला त्याच्या मागचा कायदा दिसला.

महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा अधिनियम आहे, नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा. त्याच्याआधी, १९६४ साली, वृक्षतोडीचं नियमन करणारा दुसरा कायदा आलेला. त्याला सोळा झाडांची यादी जोडलेली आहे. साग, चंदन, मोह, हिरडा, खैर, ऐन, अंजन, जांभूळ, फणस, आंबा, चिंच अशी ती नावं वाचत गेलं की जंगलातून चालल्यासारखं वाटतं. कडूलिंब मात्र त्यात नाही. शेताच्या बांधावरच्या चिंचेला त्या यादीचा आधार, लिंबाला नाही. शहराची वेस ओलांडून तोच लिंब नगरपरिषदेच्या हद्दीत आला की १९७५ चा कायदा जात विचारत नाही. तिथं परवानगी लागते, झाड तुमच्या परसात असलं तरी. आणि २०२१ च्या दुरुस्तीनं या कायद्यात वय आणून बसवलं: पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांचं झाड वारसा ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. तीही इवलाली रोपं चालत नाहीत, सहा ते आठ फुटांची हवीत आणि सात वर्षं जगवायची. म्हणजे तात्यांचं खरं मानलं तर ऐंशीच्या आसपास झाडं. काकूंचं मानलं तर पन्नासावर. अण्णाचं मानलं तर तीस-बत्तीस, आणि वारसाबिरसा काही नाही.

पण भूकंप त्यानं उगाच काढला. भूकंपात ते झाड केवढं होतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यालाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. सास्तूर, होळी ही गावं तेव्हा उमरगा तालुक्यातच होती. लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. तिकडून सकाळी ज्या बातम्या यायला लागल्या त्या मी इथं लिहीत नाही. माणसं मेली ती पुष्कळशी आपल्याच घरांखाली: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या माती चढवत नेलेली माळवदं. उन्हाळ्यात ज्या मातीनं आम्हाला गार ठेवलं, जिच्यावर पडून आम्ही चांदण्या मोजल्या, तीच. आमचं घर तडकलं पण उभं राहिलं. तरी त्या दिवसापासून छताखाली कुणी झोपेना. सगळं बिऱ्हाड लिंबाखाली आलं. आजी, काकू, चाची, त्यांच्या सुना, रांगतं पोर, शेळ्या, स्टोव्ह, पोथ्यांची पेटी. पाऊस आला तर तो थांबल्यावरही लिंब कितीतरी वेळ ठिबकत राहायचा. जमीन परत जराशी थरथरली की आजी उठून बसायची आणि एक हात बुंध्याला लावायची. रात्रभर मधूनमधून ती असा हात लावत असे. झाड पडणार नाही, एवढा एक विश्वास त्या दिवसांत घरादारापाशी उरलेला.

मोहर त्या दिवसांत नव्हता. तो ऋतूच नव्हता. पुढच्या चैत्रात आला. निम्मा तालुका अजून पत्र्याच्या शेडमध्ये होता. दिवसा पत्रा तापून आत बसवत नसे, म्हणून लोक उघड्यावर, आणि अशा एका रात्री, सरकारी मदतीच्या याद्या, पंचनामे, कुणाचे किती गेले, असलं बोलणं चाललेलं असताना तो वास एकदम आला. बोलणारे थांबले. कुणीच काही म्हणालं नाही. चाचींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला एवढं मला दिसलं. तेव्हापासून हा वास मला एकट्यानं घेता येत नाही. पुण्यात, एखाद्या रुग्णालयाच्या बाहेर किंवा पुलाखाली, सिग्नलला थांबलो असताना तो नाकाशी आला की माझ्याभोवती आधी ती सगळी माणसं बसतात आणि मग मोहर दरवळतो.

अर्जात मी ‘अंदाजे ऐंशी वर्षे’ असं लिहिलं. अण्णा चिडला. चिडणारच. त्याच सुमारास त्याच्या मुलानं कुठून तरी वाचून काढलं की २०२१ साली पश्चिम बंगालमधल्या झाडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं झाडाची किंमत वयाच्या दर वर्षामागे ७४,५०० रुपये धरली होती. ऐंशीनं गुणलं तर साठ लाखांच्या घरात. ‘‘एवढ्यात तर उमरग्यात बंगला होतोय,’’ अण्णा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं वर मान करून लिंबाकडे जरा संशयानं पाहिलं.

कायद्यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट या आकड्यांत नाही. ती नोटिशीत आहे. झाड तोडायचं असेल तर वृक्ष अधिकाऱ्यानं जाहीर सूचना द्यायची, आणि तिचा एक कागद खुद्द त्या झाडावर, सगळ्यांना दिसेल असा, लावायचा. मग हरकतींसाठी काही दिवस थांबायचं. घर माझं, परस माझं, कर मी भरतो, आणि तरीही गल्लीला विचारायचं! मालकाच्या दृष्टीनं हा आगाऊपणा आहे. पण मी चैत्रातल्या त्या माळवदावर वाढलो, मला हे अगदी सरळ वाटतं. लिंबाचं खोड आमच्या हद्दीत आहे खरं. त्याची सावली दुपारी दोननंतर आमच्या परसात थांबत नाही. ती भिंत ओलांडून चाचींच्या ओसरीवर जाते आणि तिन्हीसांजेपर्यंत तिथंच असते. निंबोळ्या गल्लीतली पोरं नेतात. आणि वास तर नगरपरिषदेच्या कुठल्याच नकाशात बसत नाही.

हा विचार कुणा शहरी पर्यावरणवाल्याच्या डोक्यातून आलेला नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाची गोष्ट आहे. आंबा, फणस ही झाडंही जहाजांना उपयोगाची, पण त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं, असा त्याचा आशय. मला त्यातला संतोषाचा आग्रह थक्क करतो. राज्याला जहाजं हवीत, समोर सिद्दी आहे, इंग्रज आहे, आणि दौलतीचा अमात्य रयतेच्या झाडापाशी अडून बसतो. आता वेळ उलटली आहे. तेव्हा राज्यानं रयतेची परवानगी मागायची, आता रयतेनं राज्याची. दोन्हीकडे झाड मधोमध उभं.

नाहीतर आमच्या हमरस्त्यावरची झाडं बघा. नळदुर्गापासून पुढे जुन्या रस्त्याला दुतर्फा लिंब आणि चिंचा होत्या, बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे आणि त्यावर काळे आकडे. एसटीच्या खिडकीतून ते आकडे वाचत वाचत मी अंक शिकलो असेन. रस्ता चौपदरी झाला तेव्हा ती गेली. रस्ता हवाच होता. त्या अरुंद रस्त्यावर अपघातात गेलेली माणसं आमच्याही ओळखीत आहेत. तरीही आता त्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना इतका उजेड असतो की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. कधीकधी उलटंही घडतं. सांगली जिल्ह्यात भोसे गावाजवळ यल्लम्माच्या देवळापाशी एक जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. २०२० साली लोकांनी आरडाओरडा केला, मंत्र्यांपर्यंत गेला, आणि वडासाठी महामार्गाची आखणी बदलली. एका वडाला एवढं सगळं मिळालं, कारण तो डोळ्यांत भरणारा, दंतकथेएवढा जुना. परसातल्या लिंबासाठी कोण ओरडणार?

चाची ओरडल्या. म्हणजे ओरडल्या नाहीत. त्या आता फार थकल्यात, आवाज चढत नाही. झाडावर नोटीस लागली. पुठ्ठ्यावर डकवलेला कागद, वर प्लॅस्टिक, खोडाला सुतळीनं बांधलेला. चाचींनी नातवाकडून तो वाचून घेतला आणि त्याच्याकडूनच हरकतीचा अर्ज लिहून घेतला. आपल्याच शेजाऱ्याविरुद्ध, पन्नास वर्षं ज्या घरातून ईदला आणि दिवाळीला डबे गेले-आले त्या घराविरुद्ध, कागद द्यायचा म्हणजे साधी गोष्ट नाही. म्हणून तो देण्याआधी त्या स्वतः काठी टेकत आमच्या दारात आल्या. अण्णा बाजेवर बसला होता. ‘‘झाड तुमारा हय बाबा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘छाँव तो गल्लीकी हय ना?’’ अण्णानं उठून त्यांना बसायला जागा दिली. चहा झाला. हरकतीचा कागद टेबलावर राहिला आणि त्यावर कुणीच बोललं नाही; उसाचा भाव, मुरूम गावातली लग्नं, गुडघेदुखी असलं बोलणं झालं. जाताना चाचींनी कागद उचलला आणि दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत दिला.

पाहणीला माणूस आला तेव्हा मी तिथं होतो. त्यानं टेप लावला, घेर लिहून घेतला, वर बघत झाडाला एक फेरी घातली, आणि कागदावरचं वय वाचून विचारलं की हे कशावरून. अण्णा माझ्याकडे बघू लागला. मी तात्यांचा खांदा, लष्कर, असं काहीबाही सांगायला लागलो. काकू चुलीजवळून म्हणाल्या, ‘‘आन् तोडलं तर तेवढी झाडं लावायला जागा कुठाय वो? ह्येच एक ऱ्हाऊ द्या की.’’ तो माणूस हसला. मग त्यानं जिना दुसरीकडून घेता येईल का, असं अण्णाच्या इंजिनिअरला विचारलं. हुकूम म्हणून नव्हे, अगदी घरातल्यासारखं. इंजिनिअरनं नकाशा मोटारसायकलच्या सीटवर पसरला. त्याच्या आधी हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

जिना पश्चिमेला गेला. खर्च वाढला, स्वयंपाकघराची खिडकी लहान झाली, आणि त्यावरून घरात काही दिवस धुसफूस चालली. अर्ज मागे घेतला. दोन फांद्या छाटण्यापुरता नवा द्यावा लागला, कारण छाटायलाही परवानगी लागते. उशांवर येणारी फांदी त्यातच गेली. माळवद उतरवलं तेव्हा त्या फांदीखालची माती ट्रॉली भरभरून निघत होती, आणि एका ढेपेत मला कधीच्या काळच्या निंबोळीची बी सापडली. मी ती काही जपून ठेवली नाही.

आता अण्णाच्या स्लॅबची पन्हाळ लिंबाच्या पाल्यानं तुंबते. मृगाच्या आधी त्याचा फोन येतो, तो लिंबाला शिव्या घालतो, सगळा दोष माझ्या ऐंशीच्या आकड्यावर ढकलतो, आणि चाचींच्या नातवाला वर चढवून पन्हाळ साफ करून घेतो. पैसे देऊ केले तर पोरगा घेत नाही. निंबोळ्या मात्र पोतंभर नेतो. फवारणीला लागतात म्हणे.